व्हॅनमध्ये सीबी रेडिओ आणि एरियल बसवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक प्रश्न सेटबद्दल येतात आणि बहुतेक अडचणी एरियल, अर्थ (एरियलच्या बुडाची गाडीच्या धातूशी विजेची जोडणी) आणि केबलमध्ये निघतात. म्हणून खालची उत्तरंही त्याच बाजूला झुकलेली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सीबी म्हणजे नक्की काय? वॉकीटॉकीपेक्षा वेगळं काय?

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, सर्वसामान्यांसाठी मोकळा ठेवलेला पट्टा. बहुतेक सेटवर ४० चॅनेल असतात: १ क्रमांकाचा २६.९६५ मेगाहर्ट्झवर, ४० क्रमांकाचा २७.४०५ वर. मध्ये टॉवर नाही, सिम नाही, दरमहा बिल नाही. एकाने बोलायचं, त्या चॅनेलवरच्या सगळ्यांनी ऐकायचं.

हातातले छोटे वॉकीटॉकी बहुधा ४०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालतात. त्यांचा आणि या सेटचा एकमेकांशी काहीही संवाद होत नाही.

२. परवाना लागतो का?

देशागणिक वेगळं आहे आणि मर्यादाही वेगळ्या आहेत. (पुढे येणारे एएम, एफएम आणि एसएसबी हे आवाज लहरीवर चढवण्याचे तीन प्रकार; त्यांतला फरक प्रश्न ४ मध्ये.) अमेरिकेत वैयक्तिक परवाना लागत नाही. एएमवर ४ वॅट आणि एसएसबीवर १२ वॅट ही कमाल, आणि एफएमला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. ब्रिटनमध्ये एएम व एसएसबी २०१४ पासून चालतं, एफएम त्याआधीपासूनच होतं. ऑस्ट्रेलियात २७ मेगाहर्ट्झ आहेच, पण रस्त्यावर प्रत्यक्षात ४७७ मेगाहर्ट्झचा यूएचएफ सीबी जास्त वापरला जातो. तो पूर्णपणे वेगळा सेट आणि वेगळं एरियल.

भारतात परवानामुक्त पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ इतकाच आहे आणि मर्यादा ५ वॅट. म्हणजे चाळीस चॅनेलचा सेट हातात असला तरी २८ ते ४० हे चॅनेल या पट्ट्याबाहेर पडतात. सेट बाहेरून आणायचा असेल तर उपकरणाच्या मान्यतेच्या अटी आधी मूळ नियमात वाचा, मग पैसे मोजा.

३. किती लांबपर्यंत बोलता येईल?

मोकळ्या सपाट प्रदेशात, दोन्ही व्हॅनवर नीट लावलेलं एरियल असेल तर ५ ते १० किलोमीटर. दाट शहरात २-३. दोघांमध्ये डोंगर आला की त्याहूनही कमी. डोंगरमाथ्यावर उभं राहिलात तर कितीतरी पट जास्त. खोक्यावर "५० किलोमीटर" छापलेलं दिसलं तर तिकडे लक्ष देऊ नका.

याउलट कधी कधी हजार-दोन हजार किलोमीटरवरचा माणूस खणखणीत ऐकू येतो आणि पुढच्या वळणावरची जोडीदार व्हॅन येत नाही. तेव्हा लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परत खाली येत असतात. सूर्यावरच्या हालचाली वाढलेल्या वर्षांत हे रोजचं होतं. तो सेटचा दोष नव्हे, आणि त्यावर इलाजही नाही. चॅनेल बदलून पाहा.

४. सेट निवडताना काय बघू? एएम, एफएम, एसएसबी यांतलं काय घ्यावं?

आधी चौकशी करा की ज्यांच्याशी बोलायचं आहे ते कशावर बोलतात. एएमवरचा माणूस आणि एफएमवरचा माणूस एकाच चॅनेलवर असूनही एकमेकांना नीट समजत नाहीत. एफएमवर जवळच्या जवळ आवाज स्वच्छ येतो. एएमवर इंजिनचा खरखराट जास्त शिरतो, पण सिग्नल कमकुवत झाला तरी शब्द कळत राहतात. एसएसबी लांब जातं, मात्र सेट महाग आणि समोरच्याचा आवाज नैसर्गिक लागेपर्यंत 'क्लॅरिफायर'ची खुंटी फिरवत बसावं लागतं. गाडी चालवताना ते नकोसं होतं.

बाकी पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच: स्क्वेल्च (कोणी बोलत नसताना खरखर बंद ठेवणारी खुंटी), आरएफ गेन (सेट किती कमकुवत सिग्नल पकडेल ते ठरवणारी खुंटी), नॉइज ब्लँकर (इंजिनची टकटक दाबणारा), बाहेरच्या स्पीकरचं सॉकेट, आणि अंधारात बोटांना सापडतील अशी बटणं. व्हॅनमध्ये जागा कमी म्हणून सगळी नियंत्रणं माइकवरच असलेले सेटही मिळतात. मुख्य डबा आसनाखाली जातो. रंगीबेरंगी पडदा, बीप, प्रतिध्वनी यांचा पल्ल्याशी काडीचा संबंध नाही.

५. दोघांच्याही सेटवर १९ दिसतोय, पण एकमेकांना ऐकू येत नाही. असं कसं?

आकडा सारखा, फ्रिक्वेन्सी वेगळी. आंतरराष्ट्रीय मांडणीत १९ म्हणजे २७.१८५ मेगाहर्ट्झ. ब्रिटनच्या जुन्या स्वतंत्र मांडणीत चॅनेल २७.६०१२५ पासून सुरू होतात आणि तिथला १९ येतो २७.७८१२५ वर. अनेक देशांसाठी बनवलेल्या सेटमध्ये देशाचा कोड निवडावा लागतो. कोणता कोड निवडला आहे ते दोघांनी ताडून पाहा. कोड एकच निघाला तर एएम-एफएमचा घोळ आहे (प्रश्न ४).

६. पैसे बेताचे आहेत. सेट भारी घेऊ की एरियल?

एरियल. सगळे कायदेशीर सेट जवळपास सारख्याच ताकदीने बोलतात. साधा सेट आणि चांगलं एरियल ही जोडी, महागडा सेट आणि आखूड एरियल या जोडीला कुठेही मागे टाकते.

७. एरियल केवढं लांब असावं?

२७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटरची. तिच्या पाव भागाचं, म्हणजे अंदाजे २.७ मीटरचं एरियल आदर्श. पण आधीच अडीच मीटर उंच असलेल्या व्हॅनवर ते लावून रस्त्यावर निघणं वेडेपणा आहे. म्हणून आखूड एरियलमध्ये तारेची गुंडाळी घालून ते विजेच्या दृष्टीने लांब केलेलं असतं.

व्हॅनसाठी १.२ ते १.५ मीटर ही लांबी आम्हाला सर्वांत व्यवहार्य वाटते. ६० सेंटिमीटरच्या खाली गेलात तर दोन नुकसानं होतात: पल्ला घटतो, आणि मधले काही चॅनेल नीट जुळले तरी टोकाच्या चॅनेलवर एसडब्ल्यूआर (एरियलकडून परत येणाऱ्या शक्तीचं माप, प्रश्न १६) चढतो. फांद्या लागणाऱ्या रस्त्यावर वावर असेल तर बुडाशी स्प्रिंग असलेलं किंवा आडवं पाडता येणारं घ्या.

८. चुंबकाचा बेस पुरेल, की छताला भोक पाडावंच लागेल?

छत पोलादी पत्र्याचं असेल तर १२ ते १५ सेंटिमीटर व्यासाचा चुंबकी बेस छान काम देतो. त्याचा पत्र्याशी धातूला धातू लागून संबंध येत नाही. रंगाच्या थरातून कपॅसिटरसारखा येतो. म्हणून बेस पूर्ण सपाट बसला पाहिजे. खाली वाळूचा कण अडकला तर रंगही जातो आणि जोडही बिघडतो. महिन्यातून एकदा उचलून दोन्ही बाजू पुसा.

भोक पाडून लावलेला बेस विजेच्या दृष्टीने सरस, चोरीला अवघड आणि केबल दारातून चिरडत आणावी लागत नाही. गाडी भाड्याची किंवा लवकरच विकायची असेल तर चुंबक. ॲल्युमिनियम आणि फायबरवर चुंबक धरतच नाही (प्रश्न १०).

९. छतावर नेमकं कुठे लावू?

मधोमध. एरियलचा अर्धा भाग म्हणजे खालचा पत्राच असतो, आणि मधोमध लावल्यावर तो चहूबाजूंना सारखा मिळतो. मागच्या डाव्या कोपऱ्यावर लावलंत तर सिग्नल पुढे-उजवीकडे जास्त जाईल, कारण जिकडे पत्रा जास्त तिकडे जोर जास्त. आरशाच्या किंवा दाराच्या ब्रॅकेटवर लावायचं असेल तर निदान एरियलचा गुंडाळीचा भाग छताच्या वर यायला हवा. व्हॅनच्या उंच भिंतीला समांतर उभी राहिलेली काठी जुळवताना रडवते.

१०. माझ्या कॅम्परचं छत फायबरचं आहे. काय करू?

तीन मार्ग आहेत, पसंतीच्या क्रमाने.

पहिला: धातूचा भाग शोधा. बॉनेटची कड, पुढचं दार, पाठीमागची शिडी. जोडणीच्या जागी रंग खरवडा आणि ब्रॅकेटपासून चॅसिसपर्यंत चपटी विणलेली तांब्याची पट्टी जोडा. दाराची बिजागरी ग्रीसमध्ये बुडालेली असते. तिच्यावर अर्थसाठी विसंबू नका. शिडीही फायबरलाच स्क्रूने बसवलेली असेल तर पट्टीशिवाय ती निरुपयोगी आहे.

दुसरा: आतून छताच्या अस्तराखाली ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा जाड फॉइल पसरवा आणि बेसचा अर्थ त्याला जोडा. जितकं मोठं क्षेत्र तितकं चांगलं. मीटरभर लांब-रुंद तरी हवं.

तिसरा: 'नो ग्राउंड प्लेन' प्रकारचं, म्हणजे खाली धातूचा पत्रा लागत नाही असं एरियल. हे स्वतःच्या ठरावीक लांबीच्या केबलसकटच येतं आणि ती केबल एरियलचाच भाग म्हणून काम करते. ती कापायची नाही, वाढवायची नाही, आणि साध्या एरियलला वापरायची नाही.

११. भोक पाडताना काय काळजी घ्यावी?

आतलं अस्तर उतरवून वर आडवी पट्टी, दिव्याची वायर किंवा एअरबॅग नाही ना ते आधी डोळ्यांनी पाहा. एनएमओ प्रकारच्या बेसला १९ मिलिमीटरचं भोक लागतं. इतर बेसचं माप सोबतच्या कागदावर असतं. बाहेरून चिकटपट्टी लावा, मध्यबिंदूला ठोसा द्या, ३ मिलिमीटरने सुरुवात करा, मग होल सॉ (गोल भोक कापणारी करवत). लोखंडाचा कीस लगेच झाडून घ्या. छतावर राहिलेला कीस पहिल्याच पावसात गंजाचे ठिपके उमटवतो.

आतल्या बाजूला, जिथे बेसची दातेरी कड टेकते तिथला रंग चकाकता पत्रा दिसेपर्यंत खरवडा. भोकाच्या उघड्या कडेला प्रायमर लावा, पण या टेकणाऱ्या भागावर नको. लोक नेमकं इथेच चुकतात: गंज नको म्हणून सगळीकडे प्रायमर फासतात आणि अर्थ तुटतो.

ब्रॅकेटवर स्टड प्रकारचा बेस लावताना प्लास्टिकचा खांदेवाला वॉशर भोकात नीट उतरला पाहिजे. तो एका बाजूला सरकला तर स्टड ब्रॅकेटला टेकतो आणि सरळ शॉर्ट होतो.

१२. केबल कोणती? आणि उरलेली केबल कापू का?

५० ओहमची कोॲक्स (मध्ये तार आणि भोवती तांब्याच्या जाळीचं आवरण असलेली केबल): आरजी-५८, किंवा थोडी जाड आरजी-८एक्स. घरात पडलेली टीव्हीची केबल ७५ ओहमची असते, ती नको. दोन्हीकडचे पीएल-२५९ प्लग सोल्डर केलेले असावेत.

"केबल बरोबर १८ फूटच हवी" हे ठिकठिकाणी वाचायला मिळतं. एरियल आणि अर्थ नीट असतील तर केबलच्या लांबीने फरक पडत नाही. लांबी बदलल्यावर मीटरवरचा आकडा बराच हलत असेल तर समजा अर्थ कच्चा आहे आणि केबलचं आवरणच एरियलसारखं वागतंय. उरलेली केबल सैल आठच्या आकारात आसनाखाली ठेवा. घट्ट वळवू नका, दारात चेंगरू देऊ नका.

१३. केबल आत कशी आणायची?

मागच्या दाराच्या रबराखालून, आणि आत शिरण्यापूर्वी एक वळसा खाली लोंबता ठेवून, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट हवं. पुढच्या काचेशेजारच्या खांबात किंवा छताच्या कडेला पडदा एअरबॅग असेल तर केबल तिच्या समोरून किंवा तिला बांधून नेऊ नका. मागून, गाडीच्या मूळ वायरींच्या गुच्छासोबत न्या.

१४. वीज कुठून घेऊ? लायटरच्या सॉकेटवर चालणार नाही का?

चालतो. ४ वॅटचा सेट बोलताना साधारण दीड-दोन अँपिअर खातो, एसएसबीवर थोडं जास्त. पण खड्ड्यात प्लग हलतो, आणि त्याच लाइनवरचे मोबाइल चार्जर आवाज सोडतात. कायमच्या कामासाठी थेट बॅटरीवरून या:

- २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. ४ मीटर जाऊन ४ मीटर परत आली तरी ३ अँपिअरवर घट ०.२ व्होल्टच्या आत राहते.
- प्लसवर फ्यूज, बॅटरीपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत. हा फ्यूज वायर वाचवण्यासाठी. १० अँपिअर पुरे.
- सेटच्या स्वतःच्या वायरवरचा फ्यूज तसाच ठेवा, सेटच्या पुस्तिकेत लिहिलेल्या मापाचा.
- मायनस: बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असेल (नव्या गाड्यांत बहुधा असतो) तर तिथे न जोडता गाडीच्या ठरलेल्या चॅसिस-बिंदूवर जोडा. नाहीतर गाडीचं चार्जिंगचं गणित चुकतं.

प्लस-मायनस उलटे लागले तर बहुतेक सेटमधला संरक्षक डायोड फ्यूज उडवतो. मोठा फ्यूज टाकून "चालतंय का बघू" केलंत तर मग सेटच जातो.

१५. गाडी २४ व्होल्टची आहे.

सेटवर १२/२४ असं लिहिलेलं नसेल तर २४ चे १३.८ करणारा कन्व्हर्टर लागतो, निदान ५ अँपिअरचा. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढणं टाळा. दोघींचं चार्जिंग असमान होऊन एक लवकर मरते.

१६. एसडब्ल्यूआर म्हणजे काय आणि तो कसा जुळवायचा?

सेटने पाठवलेली किती शक्ती एरियलकडून परत येते याचं हे माप. १.५ ला सुमारे ४ टक्के परत येते, २ ला ११, ३ ला २५. दीडच्या आत उत्तम, दोनपर्यंत ठीक, तीनच्या वर बोलूच नका. आणि एरियल न जोडता बोलण्याचं बटण एकदाही दाबू नका.

मोकळ्या जागेत, भिंती आणि इतर गाड्यांपासून ५-६ मीटर दूर, दारं बंद करून:

१. मीटर सेट आणि एरियल यांच्यामध्ये आखूड ५० ओहमच्या जोडकेबलने लावा.
२. चॅनेल रिकामा आहे ना ते ऐका. बटण दाबून 'फॉरवर्ड'वर काटा कॅलिब्रेशनच्या खुणेवर आणा, मग 'रिफ्लेक्टेड'वर वाचा. एका वेळी चार-पाच सेकंद पुरे.
३. हेच १, २० आणि ४० वर करा. प्रत्येक चॅनेलवर कॅलिब्रेशन पुन्हा.
४. ४० वर आकडा जास्त आणि १ वर कमी असेल तर एरियल लांब आहे, आखूड करा. १ वर जास्त असेल तर लांब करा.

टोकाला स्क्रू असेल तर अर्धा-अर्धा फेरा. पोलादी काठी असेल तर आधी ॲलन-कीने ढिली करून खाली सरकवा. कापायचीच वेळ आली तर ३ मिलिमीटरच्या पलीकडे एका वेळी जाऊ नका. तुमच्या देशात काहीच चॅनेल वापरायचे असतील (प्रश्न २) तर ४० ऐवजी त्यांतल्या शेवटच्या चॅनेलवर मोजा आणि त्याच भागाच्या मध्यावर जुळवा. सेटमधल्या मीटरचा आकडा ढोबळ असतो, फक्त बिघाड लक्षात येण्यापुरता.

१७. सगळ्याच चॅनेलवर तीनच्या वर येतोय. काठी कापू का?

नाही! सगळीकडे सारखाच वाईट आकडा म्हणजे लांबीचा प्रश्न नव्हे. सेट काढून मल्टिमीटर लावा. केबलच्या सेटकडच्या प्लगचं बाहेरचं कवच ते चॅसिस: अर्ध्या ओहमपेक्षा जास्त आलं तर अर्थ तुटला आहे (चुंबकी बेसला ही तपासणी लागू नाही, कारण प्रश्न ८ मध्ये). प्लगच्या मधल्या पिनपासून काठीपर्यंत तार सलग आहे का? पिन आणि कवच यांच्यात शॉर्ट आहे का? शॉर्ट सापडला तर आधी प्लगमधला सोल्डर करताना सुटलेला एखादा बारीक तंतू शोधा, मग प्रश्न ११ मधला वॉशर. पण त्याआधी पुढचं उत्तर वाचा.

१८. मल्टिमीटर शॉर्ट दाखवतोय, पण एसडब्ल्यूआर १.३ आहे. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. बुडाशी गुंडाळी असलेली बरीच एरियल्स आतूनच अर्थला जोडलेली असतात. मल्टिमीटरच्या डीसीला तो शॉर्ट दिसतो, २७ मेगाहर्ट्झला दिसत नाही. एरियल बेसवरून काढून केबल आणि बेस तेवढे तपासा; तेव्हाही शॉर्ट असेल तरच खरा.

१९. एसडब्ल्यूआर एकदम छान, तरी कोणाला ऐकू जात नाही.

कमी एसडब्ल्यूआर म्हणजे शक्ती परत येत नाही एवढंच. ती हवेत गेली की केबलमध्ये जिरली, हे तो सांगत नाही. पाणी शिरलेली कोॲक्स शक्ती उष्णतेत घालवते आणि आकडा उलट सुधारतो. जुनं एरियल काहीही न करता एकाएकी १.१ वर आलं तर आनंदू नका. बाहेरचा प्लग उघडा. तांब्याची जाळी काळी-हिरवी दिसली तर केबल बदला, आणि नवा जोड स्वतःलाच चिकटणाऱ्या रबरी टेपने खालून वर, पदर अर्धा अर्धा चढवत गुंडाळा. तिथे सगळं स्वच्छ असेल तर माइकची वायर आणि सेटची देश-मांडणी (प्रश्न ५) पाहा.

२०. इंजिन सुरू केलं की खरखर, शिट्टी, टकटक. काय करू?

आधी एरियलचा प्लग काढा. आवाज थांबला तर तो एरियलमधून येतोय. तसाच राहिला तर विजेच्या वायरीतून.

वायरीतून येणारी, वेगाबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची. थेट बॅटरीवरून जोडणी केली की बहुधा जाते. उरली तर लाइन फिल्टर. एरियलमधून येणारी टकटक इग्निशनची: बॉनेट, एग्झॉस्ट आणि दारं विणलेल्या पट्टीने चॅसिसला बांधली की बरीच उतरते.

इंजिन बंद असतानाही सतत गुणगुण असेल तर एकेक वस्तू बंद करत जा: यूएसबी चार्जर, एलईडी दिवे, डॅशकॅम, इन्व्हर्टर, सोलरचा कंट्रोलर. कॅम्परमध्ये शेवटचे दोन नेहमीचे गुन्हेगार. उपकरणाजवळच त्याची वायर फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून पाच-सहा वेळा ओवा. एकदाच ओवून फारसं साधत नाही. फ्यूज काढून तपासताना पावसाळी ढगाळ, विजा चमकणारा दिवस निवडू नका, त्या दिवशी खरखर आकाशातूनच येते.

२१. रूफ रॅक बसवल्यावर सगळं बिघडलं.

एरियलजवळचा कुठलाही मोठा धातू त्याचं जुळणं बदलतो. सोलर पॅनेलची चौकटही. शक्य तितकं अंतर ठेवा, गुंडाळी रॅकच्या वर येऊ द्या आणि प्रश्न १६ मधली मोजणी पुन्हा करा. रॅकवर सामान चढल्यावर आकडा हलत असेल तर सामानासहितच जुळवा.

२२. दोन एरियल लावली तर दुप्पट पल्ला?

नाही. जोडीने काम करायला दोघांत निदान पाव लहर, म्हणजे २.७ मीटर अंतर हवं. व्हॅन तेवढी रुंद नसते. शिवाय त्या जोडणीला सारख्या लांबीच्या ७५ ओहमच्या खास केबली लागतात (प्रश्न १२ ला हा एक अपवाद). एकच लावा, मधोमध.

२३. दुसऱ्या कंपनीचा माइक याच सेटला लागेल का?

प्लग बसला म्हणजे जुळला असं नाही. चार पिनचे प्लग सारखे दिसतात, पण कोणती पिन कशाची हे कंपनीगणिक बदलतं. चुकीचा लावला तर सेट सतत बोलण्याच्या स्थितीत अडकतो किंवा मुका होतो. दोन्हींचे आराखडे समोर ठेवून पिना बदलून घ्या.

२४. माइकला ओठ लागले की झिणझिणतं. धोका आहे का?

केबलच्या आवरणावरून रेडिओ-शक्ती परत आत येते आहे; मूळ बहुतेक वेळा कच्चा अर्थ. ४ वॅटवर जिवाला धोका नाही, पण तसंच चालवू नका. प्रश्न १७ मधली तपासणी करा. फायबरच्या छतावर ते पुरलं नाही तर एरियलच्या बुडाजवळ कोॲक्सवर फेराइट चढवा. 'नो ग्राउंड प्लेन' एरियलला मात्र निर्मात्याने सांगितलेल्या जागीच.

२५. पॉवर ॲम्प्लिफायर लावू का?

सीबीवर तो जवळपास सगळीकडे बेकायदा आहे. आणि त्याने तुम्ही लांब ऐकू गेलात तरी समोरच्याचं तुम्हाला ऐकू येणं तसूभरही वाढत नाही.